नवी मोठी गाडी : दोष कंपनीचा की आपला, आणि हक्क कोणता?



या पानावर मी एरवी बेण्याविषयी, हुमणीविषयी नाहीतर पाचटाविषयी लिहितो. यावेळी गाडीविषयी लिहिणार आहे. शेतकी खात्याच्या माणसाला हे काय सुचले, असे वाटेल. पण गेले दोन हंगाम नोंदीच्या पाहणीला फिरताना मला वस्तीवस्तीवर एकच चित्र दिसते आहे. गोठ्याला लागून पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये नवी कोरी मोठी गाडी. उसाचे बिल आले, सोसायटीचे कापून गेले, उरले त्यात बँकेचे कर्ज घातले आणि पंधरा-वीस लाखांची वस्तू दारात आली. चांगलेच आहे. आयुष्यभर बैलगाडी आणि एसटी केली, आता पोराबाळांनी सुखाने फिरावे. फक्त एक गोष्ट खटकते. बेण्याच्या एका मोळीसाठी दहा प्रश्न विचारणारा आपला माणूस गाडीच्या कागदांवर मात्र न वाचता पंचवीस ठिकाणी सह्या करून मोकळा होतो.

लिहिण्याचे खरे कारण घरातले आहे. माझे दाजी पनवेलला राहतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्यांचा लहानसा धंदा आहे. मूळचे आपल्याच भागातले, गावाकडे अडीच एकर ऊस अजून आहे. दोन वर्षांमागे त्यांनी सात जणांची, आपोआप गिअर पडणारी नवी डिझेल गाडी घेतली. कंपनीचे आणि शोरूमचे नाव मी लिहीत नाही, कारण प्रकरण आपसात मिटले आहे. गाडी घेतल्यावर चौथ्या महिन्यात दिवाळीला ती गावाकडे निघाली. आत दाजी, माझी बहीण, दोन मुले आणि दाजींची आई. खोपोली सोडून द्रुतगती मार्गाने खंडाळ्याचा घाट चढताना, पूर्वी अमृतांजन पूल होता त्या टप्प्यात, गाडीने एकदम ओढ सोडली. इंजिन गुरगुरते, पण चाकाला जोर नाही. मागे लोखंडाचा भरलेला ट्रेलर. ट्रेलरवाल्याने कशीबशी बगल दिली म्हणून हा लेख लिहायला मी शांतपणे बसलो आहे. दाजींनी गाडी बंद करून चालू केली, तर जणू काही घडलेच नाही अशी ती चढू लागली.

पुढच्या आठ महिन्यांत असे पाच वेळा झाले. पाचही वेळा गाडी शोरूमच्या वर्कशॉपला गेली. दोन दिवस ठेवून घ्यायची, धुऊन पुसून परत द्यायची आणि कागदावर लिहायचे, 'तपासले, दोष आढळला नाही.' दाजी मला फोनवर म्हणाले, "पाहुणं, डॉक्टरकडं गेलं की ताप उतरतो, तसलं झालंय बघा." चौथ्या खेपेला तर वर्कशॉपच्या साहेबाने त्यांनाच ऐकवले की तुम्हाला गाडी चालवता येत नाही. तीस वर्षे गाडी हाकणाऱ्या माणसाला हे ऐकावे लागले.

आता आपल्या भाषेत बोलू. उसाला गवताळ वाढ दिसली की मी तुमच्या बांधावर येतो तेव्हा पहिला प्रश्न काय विचारतो? बेणे कुठून आणले? कारण गवताळ वाढ बेण्यातून येते. तिथे तुम्ही पाणी किती दिले, खत किती टाकले, हे दुय्यम. उलट फुटवे कमी आले, कांडी बारीक राहिली, तर मी पाण्याची पाळी आणि खताचा हिशेब विचारतो. गाडीचेही असेच आहे. काही दोष कारखान्यातून, म्हणजे बेण्यातून आलेले असतात. त्याला निर्मिती दोष म्हणतात. काही दोष वापरातून येतात. सगळा वाद या दोहोंमधला आहे, आणि विकणारा नेहमी दुसऱ्या बाजूलाच बोट दाखवणार, हे धरून चालावे.

बेण्यातला दोष मोठ्या नावाच्या गाडीतही असतो, हे आधी पटले पाहिजे. कारण 'एवढी मोठी कंपनी, तिचं कसं चुकेल' या भिडेने आपण गप्प बसतो. आपल्या चाकणचेच उदाहरण घ्या. महिंद्रची एक्सयूव्ही ७०० आणि स्कॉर्पिओ-एन या दोन्ही गाड्या चाकणला तयार झालेल्या, आणि आपल्या भागात त्या किती आहेत हे सांगायला नको. २०२२ च्या डिसेंबरात कंपनीने स्वतः जाहीर केले की १ जुलै ते ११ नोव्हेंबर २०२२ या काळात बनलेल्या १२,५६६ एक्सयूव्ही ७०० आणि ६,६१८ स्कॉर्पिओ-एन गाड्यांच्या क्लचच्या घरातला एक रबरी भाग तपासावा लागेल. पुरवठादाराकडे तो भाग निवडताना मापात फरक राहून गेला होता. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये जून २०२१ ते जून २०२३ या काळातल्या १,०८,३०६ एक्सयूव्ही ७०० गाड्या इंजिनाजवळची वायर घासली जाण्याच्या शक्यतेवरून तपासणीला बोलावल्या. दोन्ही वेळा काम फुकट करून दिले. यात कंपनीची बदनामी नाही. चूक कबूल करून गाडी परत बोलावणारी कंपनी मी गप्प बसणाऱ्या कंपनीपेक्षा बरी मानतो.

गप्प बसण्याचे उदाहरणही आपल्या ओळखीचे आहे. लग्नाच्या वऱ्हाडाला, पंढरीला, दवाखान्याला जी टवेरा आपण वर्षानुवर्षे वापरली, ती आठवते ना? जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने २००५ ते २०१३ या काळात बनलेल्या सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. गाडी धुराच्या नियमात बसत नव्हती आणि तपासणीच्या कामात कंपनीच्याच लोकांनी गडबड केली होती, हे कंपनीला मान्य करावे लागले. आठ वर्षे कुणालाच पत्ता नव्हता.

त्या काळी गाडी परत बोलावणे कंपनीच्या मर्जीवर होते. आता तसे नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षिततेला धोका देणारा दोष असेल आणि एकाच प्रकारच्या गाडीविषयी ठरलेल्या संख्येइतक्या तक्रारी आल्या, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकते, दंडही करू शकते. म्हणून आपली एकट्याची तक्रार वाया जाते असे समजू नये. परिवहन खात्याच्या वाहन संकेतस्थळावर ती नोंदवता येते. शिवाय आपल्या गाडीचा सतरा अंक-अक्षरांचा चेसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला, तर ती परत बोलावलेल्या गाड्यांत आहे का हे बहुतेक कंपन्या सांगतात. ज्यांच्याकडे वर लिहिलेल्या काळातल्या गाड्या आहेत त्यांनी एवढे काम जरूर करावे. मागे घेतलेली, दुसऱ्याच्या हातची गाडी असेल तर विशेष करून, कारण कंपनीचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते.

आता हक्काकडे येतो. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहक हा शब्द दुकानाच्या पाटीपुरताच होता. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. तो जाऊन आता २०१९ चा नवा कायदा आहे आणि २० जुलै २०२० पासून तो लागू आहे. या नव्या कायद्यातली सर्वांत मोलाची गोष्ट माझ्या मते एकच. आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पूर्वी सामनेवाला जिथे असेल किंवा व्यवहार जिथे झाला असेल तिथे हेलपाटे घालावे लागत. आता पुण्या-मुंबईत घेतलेल्या गाडीसाठी आपल्या जिल्ह्याच्या गावी अर्ज चालतो. पनवेलकरांना अलिबागला जावे लागते, कारण रायगडचा आयोग तिथे आहे.

मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच चालते, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या गाड्या त्यात आल्या. फी ऐकून बरे वाटेल. ५ लाखांपर्यंत काही नाही, १० ते २० लाखांच्या वस्तूला ४०० रुपये, २० ते ५० लाखांना १,००० रुपये. वकील लावलाच पाहिजे असे नाही. स्वतः उभे राहता येते. सरकारच्या ई-जागृती संकेतस्थळावरूनही तक्रार दाखल होते आणि त्याआधी १९१५ या क्रमांकावर फोन करून कंपनीला जाब विचारायला लावता येतो. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचे कारण घडल्यापासून. सामनेवाल्याला उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २०२० साली सांगून टाकले आहे. कायदा म्हणतो की निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत व्हावा. प्रत्यक्षात तसे होत नाही. वर्ष-दोन वर्षे धरूनच उतरावे.

दोष सिद्ध कसा करायचा? इथेच निम्मी प्रकरणे मार खातात. दोष डोळ्यांनी दिसणारा नसेल तर आयोग तज्ज्ञाकडे किंवा योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवतो. त्याची मागणी आपण लेखी करायची असते, आणि खर्च आधी आपणच भरायचा असतो. फियाटच्या एका प्रकरणात इंजिनाच्या आवाजाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करायला सांगितले आणि मूळचाच दोष निघाला तर पैसे व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. म्हणजे सगळी गाडी परत देणे शक्य आहे, पण मधे तज्ज्ञाचा कागद हवा. तसेच बदलता येण्याजोगा एखादा भाग खराब असेल तर भाग बदलून मिळेल, सबंध गाडी नाही, हेही मारुतीच्या २००६ च्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले आहे. 'नवी गाडीच पाहिजे' असा हट्ट धरून बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

पण प्रत्येक वेळी तज्ज्ञच लागतो असेही नाही. दिल्लीच्या एका ग्राहकाने ऑगस्ट २०१५ मध्ये ह्युंदाईची क्रेटा घेतली. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत रस्त्यावर अपघात झाला आणि पुढच्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग, उघडल्याच नाहीत. डोक्याला, छातीला, दातांना मार लागला. कंपनीचे म्हणणे असे की पिशवी उघडण्याइतका जोर बसला नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. गाडी घेणारा माणूस काही वेगाचे आणि धडकेचे गणित मांडणारा शास्त्रज्ञ नसतो, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. गाडी बदलून, औषधोपचार आणि बुडालेल्या कमाईपोटी २ लाख, मनस्तापाचे ५० हजार आणि खर्चाचे ५० हजार, असा खालच्या आयोगाचा निकाल कायम झाला. शेतकऱ्यांच्या बियाण्याच्या प्रकरणातही न्यायालयाची दृष्टी अशीच राहिली आहे. राष्ट्रीय बीज निगमविरुद्धच्या २०१२ च्या निकालात, पेरून टाकलेल्या बियाण्याचा नमुना शेतकरी कुठून आणणार, हे न्यायालयाने समजून घेतले आणि शेतकरी हा ग्राहकच आहे असे सांगितले. तो निकाल आपल्या धंद्याचा असल्याने इथे मुद्दाम लिहिला.

गोव्यातले एक प्रकरण वेगळ्या कारणासाठी सांगतो. तिथल्या एका ग्राहकाने २०११ ची गाडी म्हणून पैसे मोजले आणि विक्रेत्याने त्याला २००९ साली बनलेली, ६२२ किलोमीटर चाललेली गाडी दिली. त्याने विक्रेता आणि टाटा मोटर्स दोघांवर दावा लावला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला सोडले. विक्रेत्याने केलेली लबाडी कंपनीला ठाऊक होती हे दाखवल्याशिवाय कंपनी त्यात अडकत नाही, विक्रेत्याने मात्र भरावे, असा तो निकाल. तेव्हा दावा लावताना कुणाचे काय चुकले हे वेगवेगळे मांडावे. बनवण्यातली चूक कंपनीची, विकण्यातली विक्रेत्याची, दुरुस्तीतली वर्कशॉपची. आणि गाडी ताब्यात घेताना विक्री दाखल्यावर, म्हणजे नमुना २१ वर, बनल्याचा महिना आणि साल बघावे. किलोमीटरचा आकडा आणि खालचा पत्राही बघावा. हार-नारळ नंतर.

आता कटू बोलतो. सगळ्या तक्रारी खऱ्या नसतात. आपल्या कार्यक्षेत्रात मी पाहिलेले तीन प्रकार असे की त्यात कंपनीला दोष देता येणार नाही. पहिला, उंदीर. उसाच्या फडाशेजारी गाडी महिनाभर उभी राहिली की उंदीर वायरी कुरतडतात. तो निर्मिती दोष नव्हे. विमा कंपनीकडे विचारावे, तिथेही पॉलिसीत काय लिहिले आहे त्यावर आहे. दुसरा, बाहेरून बसवलेले भोंगे आणि दिवे. चौकातल्या मिस्त्रीने मूळ वायर तोडून दिव्यांची पट्टी जोडली की विजेच्या सगळ्या तक्रारींवर कंपनी हात वर करते, आणि आयोगापुढेही आपली बाजू लुळी पडते. तिसरा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. १ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून चांगली तापून, सलग वेगात चालावी लागते. आपली गाडी मात्र वस्तीवरून डेअरी, डेअरीवरून गट कार्यालय, अशी दोन-दोन किलोमीटर फिरते. मग गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि गाडी ओढत नाही. हे वापरातून आलेले दुखणे. पण विकताना 'रोजचा वापर किती, कसा' हे विचारून सांगणे विक्रेत्याचेही काम आहे. वापराच्या सूचना आणि धोक्याचे इशारे नीट न देणे हाही नव्या कायद्यात जबाबदारीचा मुद्दा होतो. ज्यांचे फिरणे गावापुरते आहे त्यांनी डिझेलचा मोह धरू नये, हे माझे मत.

पेट्रोलवाल्यांसाठी एक शब्द. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून सरासरी कमी पडते अशी ओरड आहे. इथेनॉल आपल्याच उसाचे आणि मळीचे, म्हणून मी त्यावर पांघरूण घालणार नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्मांक कमी, तेव्हा सरासरी थोडी घटणार हे शास्त्र आहे, सरकारनेही ते मान्य केले आहे. मात्र ज्या नव्या गाडीच्या पुस्तिकेत २० टक्के मिश्रण चालेल असे छापले आहे, तिथे रबरी नळी किंवा पंप खराब झाला तर 'पेट्रोल वाईट' हे उत्तर ऐकून घरी येऊ नये. पुस्तिकेचे ते पान दाखवावे.

दाजींच्या प्रकरणात शेवटी काय झाले ते सांगतो. पाचव्या खेपेनंतर मी दोन दिवस पनवेलला गेलो आणि कागद मांडून बसलो. पाच जॉबकार्डांपैकी तीनवर दाजींची तक्रार 'पिकअप कमी' अशी लिहिली होती. चालत्या गाडीने चढावर ओढ सोडली, हे कुठेच नाही. वर्कशॉपचा पोरगा काय लिहितो हे न बघता दाजींनी सह्या केल्या होत्या. आपल्याकडे वजनाची पावती जशी वाचून घेतो तसे जॉबकार्ड वाचून घ्यावे आणि आपल्या शब्दांत तक्रार लिहून मगच सही करावी. सुदैवाने माझ्या भाच्याने एकदा गाडीतून मोबाईलवर चित्रफीत काढली होती. त्यात इंजिनाचा काटा वर जातो आणि वेगाचा खाली येतो, हे स्वच्छ दिसत होते. तारीखवार टिपण, पाच जॉबकार्डे, चित्रफीत, असे सगळे जोडून कंपनीला आणि विक्रेत्याला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. उत्तर आले नाही. मग अलिबागला तक्रार आणि तज्ज्ञाकडून तपासणीचा अर्ज, दोन्ही एकदमच दिले.

सामनेवाल्यांचा पहिला मुद्दा असा की गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणून हे ग्राहकच नव्हेत. कायद्यात ती पळवाट आहे खरी. नफ्याच्या धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर लागतो. दाजींना त्यांच्या करसल्लागाराने बिल फर्मच्या नावाने घ्यायला सांगितले होते. माझी बहीण अडून बसली की गाडी माणसाच्या नावावर पाहिजे. तिचे ऐकले म्हणून तो मुद्दा तिथेच पडला. फर्मच्या नावाने असती तर सगळे संपले असते असे नाही, कारण कंपनीने संचालकाच्या वापरासाठी घेतलेली गाडीही दरवेळी धंद्याची ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये म्हटले आहे. पण वाद लांबला असता.

तपासणीचा आदेश होणार असे दिसल्यावर कंपनीचे लोक मध्यस्थीला तयार झाले. गिअरबॉक्स सबंध नवा, त्यावर जास्तीची दोन वर्षांची हमी आणि दीड लाख रुपये, एवढ्यावर मिटले. दाजींना गाडी परत करून पैसे हवे होते. ते अजून म्हणतात, "तुम्ही मला घाईनं सही करायला लावली." बहीण म्हणते, मिटले ते बरे. मला स्वतःला वाटते की तज्ज्ञाचा अहवाल हातात येईपर्यंत थांबायला हवे होते, निदान रक्कम वाढली असती. पण घाटात ती गाडी आणखी वर्षभर चालवायची, हाही विचार होताच. यंदाच्या दिवाळीला ते गावी आले तेव्हा घाट सरळ चढून आले. बहीण मात्र खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत एक शब्द बोलली नाही म्हणे.

सभासदांच्या सोयीसाठी तक्रार अर्जाचा मराठी नमुना आणि जोडायच्या कागदांची यादी शेतकी खात्यात ठेवली आहे. गट कार्यालयातल्या चिटबॉयकडे निरोप दिला तरी पोच होईल. अर्ज भरायला मदत हवी असेल त्यांनी गुरुवारी सकाळी दहानंतर यावे. येताना गाडीची सगळी जॉबकार्डे घेऊन यावे, हरवली असतील तर आधी वर्कशॉपकडे नकला मागाव्यात. लागणीच्या नोंदीचे काम चालू असल्याने इतर दिवशी मी फडात असतो.

— ऊस विकास अधिकारी